ग्रामसेवकाला काही देऊ नये

नाही, पण झोप येणार कशी, तुम्हीच सांगा. तुम्ही मला इथे दहा मिनिटं दिलीत, 'घरच्या घरी माशांच्या टाकीची निगा' यावर चार उपयोगाच्या गोष्टी सांगा म्हणालात, बचत गटातल्या बायांना काही नवीन कळेल म्हणालात... सांगते की, सगळं सांगते, वहीच घेऊन आले आहे. पण आधी मला हे सांगा, की सासऱ्यांचं सोमवारी बायपास आहे, आणि रविवारी सकाळी घरातला मासा आडवा झालाय, आणि सहा वर्षांची मुलगी टाकीच्या काचेला नाक लावून बसलीय, आणि ती कोणत्याही क्षणी मान वळवून विचारणार आहे की 'आई, मासा मेला तर आबा पण मरतात का?'... तर तिला काय उत्तर द्यायचं? मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही. त्या रविवारी मी पडल्या पडल्या सतरा उत्तरं तयार केली आणि सतराही उत्तरांवर मनालीचा पुढचा प्रश्न काय येईल तोही तयार केला, आणि त्या पुढच्या प्रश्नांनी माझीच बोलती बंद झाली.

घाबरले होते म्हणून नाही हं. मी घाबरत नाही. मी फक्त विचार करते.

तर पहिली गोष्ट. लिहून घ्या. काचेचं ते गोल भांडं घेऊ नका. दिसतं छान, शोकेसमध्ये शोभतं, पण माशाला त्यात ना फिरायला जागा ना श्वास घ्यायला हवा. आमच्याकडे मागच्या जूनला, मनालीच्या वाढदिवसाला, मनालीचे पप्पा खामगावहून असंच भांडं घेऊन आले, त्यात दोन गोल्डफिश, एक नारिंगी, एक काळा. मी दोन दिवस बघितलं, दोघं वर येऊन तोंड उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. मी यांना म्हटलं, "अहो, यांचा जीव गुदमरतोय." हे म्हणाले, "ते गाणं म्हणून राह्यले." मग तिसऱ्या दिवशी मीच खामगावला गेले आणि अडीच फुटी टाकी घेऊन आले, एस.टी.त मांडीवर, पिंपळगाव राजापर्यंत, कंडक्टर म्हणे, "ताई, याचं हाफ तिकीट लागन." गोल्डफिश म्हणजे काय समजता तुम्ही, ती पाण्यातली म्हैस आहे, जेवढं खाते तेवढं घाण करते, तिला जागा लागते.

आणि ते तोंड उघडणं-मिटणं मोठ्या टाकीतही चालूच राहिलं, तो त्यांचा स्वभावच. ते बघून आबांनी दोघांना नावं दिली. आबा म्हणजे माझे सासरे, माणिकराव, एकतीस वर्षं ग्रामसेवक होते, धामणगाव बढेपासून उंद्रीपर्यंत बदल्या भोगून रिटायर झालेले. ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले, चहा प्याले, आणि नारिंगी माशाकडे बोट दाखवून नातीला म्हणाले, "हा दिवसभर तोंड हालवते आणि ऐकू कोणालेच येत नाही. हा सरपंच." मग काळ्याकडे बघून म्हणाले, "आणि हा त्याच्या मांगं मांगं फिरून राह्यला, हा मी. ग्रामसेवक."

झालं. आता तुम्ही म्हणाल, गंमत आहे, त्यात काय एवढं. त्यात काय ते मला रविवारी कळलं. माणसाचं नाव जिवंत वस्तूला देऊ नये, ही माझी दुसरी सूचना, ही कुठल्या पुस्तकात नाही मिळणार तुम्हाला.

दुसरी खरी सूचना पाण्याची. हे नीट ऐका. टाकीचं पाणी पूर्ण कधीही बदलायचं नाही. कधीही. आठ दिवसांतून एकदा पाव हिस्सा काढायचा, तेवढंच नवीन घालायचं. आणि नवीन म्हणजे नळाचं ताजं नाही, त्यात ब्लिचिंगचा वास असतो तो तुम्हाला माहीत आहे, बादलीत भरून एक दिवस उघडं ठेवायचं, मग घालायचं. पूर्ण पाणी बदललं की मासा बिचकतो, त्याला ते मानवत नाही. हे मला लगेच पटलं, कारण मी लग्न होऊन चिखलीकडून इकडे खारपाणाच्या पट्ट्याजवळ, खाऱ्या पाण्याच्या मुलखात आले, तेव्हा माझंही पूर्ण पाणी एका दिवसात बदललं होतं आणि मी चार महिने पोट धरून फिरत होते. मला कोणी पाव-पाव बदलून दिलं नाही. जाऊ द्या. तो विषय नाही आज.

आणि काढलेलं पाणी फेकू नका, झाडांना घाला. आमच्या अंगणातला कढीपत्ता दिवाळीनंतर असा काही फोफावलाय की विमलकाकू येऊन तोडून नेतात, हो ना काकू? आणि संक्रांतीपासून जास्वंदीनंही तोच नेम धरला. मी सगळ्यांना सांगते, टाकीच्या पाण्याची कमाल. आबांना सांगितलं तर आबा खूप वेळ हसत होते. मला वाटलं कौतुकानं.

मी वही ठेवते. रोज लिहिते, पाणी कसं, मासे कसे, खाल्लं किती. हे घरातल्यांना वेड वाटतं. नोव्हेंबरमध्ये मी लिहिलंय, ही बघा नोंद, 'ग्रामसेवक बारीक झाल्यासारखा वाटतो.' यांना दाखवलं तर हे म्हणाले, "डोळे तपासून घे." आबांना दाखवलं, तर आबा म्हणाले, "थंडी आहे बाई. आकसला असन." आणि जानेवारीत ही दुसरी, 'ग्रामसेवकाची शेपटी लांब झाली काय?' आबा म्हणाले, "तिळगूळ खाल्ला असन." मी नेटवर शोधत बसले, मासा थंडीत आकसतो का. नाही आकसत. पण मला वाटलं, खामगाव तालुक्यातला आकसत असेल.

मी घाबरले नव्हते. मी फक्त विचार करत होते.

तर, गेल्या शनिवारी आबांना अकोल्याला नेलं. सोमवारी सकाळी दहाला ऑपरेशन. हे सोबत गेले. आयसीयूच्या बाहेर एकाच माणसाला बसू देतात आणि सासूबाईंचे गुडघे, म्हणून त्या घरी, मी घरी, मनाली घरी. निघताना आबा टाकीसमोर उभे राहिले, मनालीला म्हणाले, "ग्रामसेवकाकडं ध्यान ठेवजो बरं." मग माझ्याकडे बघून तिच्या कानात काहीतरी बोलले. दोघं हसले. मी म्हटलं, काय? म्हणे काही नाही. गाडीत बसले, हात केला, गेले. मी फाटकाला धरून उभी. सासूबाई एकच म्हणाल्या, "त्याईनं दुपारचं जेवण नाही केलं."

आणि रविवारी सकाळी ग्रामसेवक आडवा.

म्हणजे पूर्ण आडवा नाही, तिरका. पोट फुगलेलं, एका कुशीवर, कल्ले भराभर हलताहेत. आणि तो सरपंच आपला बाजूनं फिरतोय तोंड हलवत, जसं काही झालंच नाही. मी खामगावच्या दुकानदाराला फोन लावला, ज्ञानेश्वर नाव त्याचं, भला मुलगा आहे. म्हटलं, "दादा, काळा मासा तिरका झालाय." तो म्हणाला, "कोणता, ताई? आबानं जानेवारीत नेला तो का?" मी म्हटलं, "अहो नाही, आम्ही मागच्या जूनमध्ये नेलेला." मग म्हणाला, "हाव का... बरं बरं. जूनचा. पोट फुगलं काय? मंग जास्त खाल्लं त्यानं. दोन दिवस एक दाणा देऊ नका. पाव पाणी बदला. खड्याचं मीठ, दहा लिटरले एक छोटा चमचा, आंधी वेगळ्या पाण्यात विरघळून मंग टाका. आणि हवेचा पंप एक मिनिट बंद पडू देऊ नका. आता त्याले हवाच वाचवन."

आता जास्त कोणी खाऊ घातलं? माझी वही सांगते, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. मी घरात चौकशी बसवली. आणि तुम्हाला सांगते, माझ्या सासूबाईंचं नाव अन्नपूर्णा आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं, या गोष्टीतली निम्मी अडचण त्यातच आहे. त्या म्हणाल्या, "मी काय देतो त्याले? सकायी भाकर टाकली की उलीसाक कुटका. घरात कोणी उपाशी असलं त मले घास जाईन का?" मनाली म्हणाली, "मी शाळेतून आल्यावर देते. चार दाणे. पाच." यांना फोन लावला, हे म्हणाले, "मी ड्युटीले जातानी चिमूटभर टाकतो ना, मले वाटलं तू विसरते." आणि आबा? आबा चहासोबतच्या टोस्टचा चुरा. रोज. दोन वेळा. म्हणजे मी एकदा, बाकीचे पाच वेळा. प्रत्येकाला वाटायचं, बिचाऱ्याला कोणी दिलंच नसेल. आपल्याकडे कोणी कोणाला 'जेवलास का' असं विचारत नाही, सरळ वाढतात, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या घरातले मासे उपासानं मरत असतील, आमचा लाडानं.

त्यावर उपाय लिहून घ्या, हा माझा स्वतःचा आहे. कपडे वाळत घालायचा एक चिमटा टाकीच्या काठाला लावायचा. डावीकडे असला तर मासे उपाशी. ज्यानं खायला दिलं त्यानं चिमटा उजवीकडे लावायचा. सकाळी मी तो परत डावीकडे आणते. उजवीकडे चिमटा दिसला की कोणीही हात लावायचा नाही. सोपं आहे, फुकट आहे. मी त्या रविवारी चिमटा उजवीकडे लावला आणि वर टेपनं एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात, 'ग्रामसेवकाला कोणीही काहीही देऊ नये.'

तेवढ्यात फोन आला, हे म्हणाले, "आई कुठंय? तिले सांग, आबाले आज संध्याकाळपासून काही खायला द्यायचं नाही म्हणे. उद्या ऑपरेशन. डॉक्टरनं उपाशी ठेवायला सांगितलं." मी सांगितलं. सासूबाई हातातलं पीठ परातीत तसंच सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तिकडं त्याईले उपाशी ठेवलं. इकडं याले उपाशी ठेवलं. मंग मी आता रांधू कोणासाठी?"

आणि मग त्यांनी स्वतःही काही खाल्लं नाही. आमच्या घरात उपास वगैरे कोणी करत नाही, आबांना चालतच नाही. पण भूक नाही म्हणाल्या. भूक नसेल तर काय करता.

आणि मग आल्या विमलकाकू. काकू, तुम्ही समोरच बसल्या आहात, रागावू नका, पण झालं ते झालं. कढीपत्ता तोडायला आल्या, कागद वाचला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ग्रामसेवकाले काही देऊ नये? अव मंग काम कसं होईन?" सासूबाईसुद्धा हसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा. इथपर्यंत ठीक होतं. मग काकूंनी मासा बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिंता नको करू पोरी. घरातला मासा मेला म्हंजे घरावरचं त्यानं आपल्या अंगावर घेतलं. चांगलंच असते ते. आबाचं घेऊन राह्यला तो. घेऊ दे."

मनाली तिथेच होती. काचेला नाक लावून. मान वळवली नाही, काही नाही.

आता माझी अवस्था बघा. या घरात आबांनी असली एक गोष्ट उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, माझ्या बाळंतपणात कोणी मीठ-मिरची ओवाळायला आलं तर आबांनी ते घेऊन फोडणीला टाकलं होतं. माझा विश्वास नाही. यावरही नाही आणि त्यावरही नाही. पण डोकं आहे ना, ते चालतं. काकूंच्या हिशेबानं मासा मेला तर आबा वाचणार. आणि आबांनीच दिलेल्या नावाच्या हिशेबानं, तो मासा म्हणजेच आबा, म्हणजे तो मेला तर... तर मग मासा वाचवायचा की नाही? मी मिठाचं पाणी हातात घेऊन टाकीसमोर उभी, फर्स्ट क्लास केमिस्ट्री, आणि मला कळेना की मी नक्की काय मागतेय. आणि कोणाकडे. शेवटी मी चमचा मोजला, मीठ विरघळवलं, आणि घातलं. कारण समोर जीव होता, म्हणून. बस.

मी घाबरले नव्हते, विचार करत होते, हे मी सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कर. पण बसून कर. उभी राहून काऊन करतं?"

सोमवार. मनाली सकाळच्या शाळेत गेली. दहा वाजता यांचा मेसेज, 'आत नेलं.' चार तास लागतील म्हणे. ग्रामसेवक अजून तिरका, पण कल्ले हलताहेत. पंपाचे बुडबुडे चालू, मी त्या बुडबुड्यांचा आवाज ऐकत होते, तोच आवाज तेवढा घरात. आणि दहा चाळीसला... लाईट गेली.

पंप बंद. बुडबुडे बंद. एकदम शांत. तुम्हाला सांगते, इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

आणि मी फोन बघितला. अकरा टक्के. कारण मी पहाटेपासून 'तिरका मासा उपाय' चे व्हिडिओ बघत होते, एकामागून एक, एक माणूस तर हिंदीत वीस मिनिटं बोलला आणि शेवटी म्हणाला, पाव पाणी बदला. अकरा टक्के, लाईट नाही, अकोल्याहून फोन यायचा आहे. सासूबाईंचा साधा फोन यांनीच सोबत नेलेला, जास्तीचा असावा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "बंद झाला त त्याईचं कसं कळन?" मी म्हटलं, "नाही होणार." म्हणजे, होणार होता. मी स्क्रीनकडे न बघता फोन उलटा ठेवला. उलटा ठेवला की बॅटरी कमी जाते असं नाही, पण बघवत नव्हतं.

तर लाईट गेल्यावर काय करायचं, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना, बाकी विसरलात तरी चालेल. पेला घ्यायचा. टाकीतलंच पाणी पेल्यात भरायचं, हातभर उंच धरायचं आणि परत टाकीत सोडायचं, धार धरून. पाणी वरून पडताना हवा सोबत घेऊन जातं. तेच करायचं. परत. आणि परत. थांबायचं नाही. मी सुरू केलं. वीस पेले, पन्नास पेले, मोजणं सोडलं. हात भरून आला. सासूबाई वेताच्या मोड्यावर बसून बघत होत्या. मग उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाल्या, "सरक."

आणि मग आम्ही दोघी. त्या दहा मिनिटं, मी दहा मिनिटं. पाणी पडण्याचा आवाज फक्त. एकदा त्या म्हणाल्या, "लगन झालं तवा त्याईले पोहता येत नव्हतं. नाल्याले पूर आला की मले पुढं घालायचे." त्यांनी धार जरा उंचावरून धरली.

बारा वाजता मनाली आली. दप्तर टाकलं, बघितलं, आणि दारातच उभी राहिली. आई आणि आजी, दोघी घामानं चिंब, टाकीतलं पाणी टाकीतच ओतताहेत. मी मनात म्हटलं, आता. आता विचारणार. सतरा उत्तरं जिभेवर. ती म्हणाली, "आई, तो पाण्यातच आहे ना?" मी म्हटलं, "हो." "मग त्याला पाणी काऊन देऊन राह्यली?" आजी म्हणाल्या, "हवा देऊन राह्यलो." मनालीनं जरा विचार केला, हातपाय धुतले, एक छोटी वाटी घेऊन आली आणि तीही ओतायला लागली. तिची धार वाटीएवढी.

एक वाजला. फोन सहा टक्के. दीड. चार टक्के. ग्रामसेवकाचा एक कल्ला हलायचा, मग बराच वेळ नाही, मग परत. मी मनालीला म्हटलं, तू जा, जेव. ती म्हणाली, नाही. सासूबाई थांबत नव्हत्या, मी म्हटलं, आत्याबाई, पेला द्या, त्यांनी दिला नाही. पावणेदोन. दोन टक्के. आणि तेव्हा वाजला.

मी उचलला, ओल्या हातानं, सुटला, परत उचलला. हे म्हणाले, "झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणे सगळं चांगलं झालं, आता संध्याकाळी शुद्धीवर..." आणि फोन बंद पडला. पण 'चांगलं' दोन वेळा ऐकू आलं. मी सासूबाईंना म्हटलं, "चांगलं झालं. दोनदा म्हणाले." त्यांनी पेला खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाल्या, "पोरीनं जेवण नाही केलं," आणि स्वयंपाकघरात गेल्या, आणि आतून भांड्यांचा एवढा आवाज यायला लागला की काय सांगू, तीन दिवसांचा स्वयंपाक एकदम.

आणि लाईट आली. पंप सुरू झाला. बुडबुडे आले. भरपूर.

ग्रामसेवक हलला नाही. बुडबुड्यांनी ढकलला तेवढाच हलला.

सरपंच त्याच्या बाजूनं एक चक्कर मारून गेला. तोंड हलवत.

मी टाकीसमोर बसले. मनाली शेजारी. आणि मला कळलं की आता ती विचारो न विचारो, सांगायला मलाच लागणार. मी तिला मांडीवर घेतलं आणि सुरू केलं. म्हटलं, "मनाली, ऐक. मासा वेगळा आणि आबा वेगळे. नाव दिलं म्हणून कोणी कोणाचं होत नाही. आबा बरे झाले ते डॉक्टरांमुळे, मासा गेला तो जास्त खाल्ल्यामुळे, कोणी कोणाचं काही घेतलं नाही, विमलकाकू प्रेमानं बोलतात पण ते तसं नसतं. पाण्यात अमोनिया नावाचा एक..." हो, मी अमोनियासुद्धा सांगितला. सहा वर्षांच्या मुलीला. "...आणि तुझं काही चुकलं नाही, चार-पाच दाण्यांनी काही होत नाही, आणि आजीचंही नाही, आणि मरणं म्हणजे, बेटा, मरणं म्हणजे असं असतं की..." आणि इथे माझी सतरा उत्तरं संपली आणि मला रडू फुटलं. चांगलं झालं असताना. दोनदा चांगलं झालं असताना.

मनालीनं सगळं ऐकून घेतलं होतं. अमोनियासकट. तिनं माझ्याच ओढणीनं माझं नाक पुसलं, दार बंद आहे का ते वळून बघितलं, आणि आबा बोलतात तसं अगदी हळू, कानाजवळ येऊन म्हणाली,

"रडू नको आई. हा तिसरा आहे. पहिला कढीपत्त्याखाली आहे, दुसरा जास्वंदीखाली. आबा म्हणे, आईले सांगू नको... ती घाबरत नाही, पण लय विचार करते."